येर्नेयची काडतुसं

"फुटलं बघ," पावला म्हणाली. "ऐकलंस ना?"

लुडविकने ऐकलं होतं. टिक्. दातावर नख आपटावं एवढाच आवाज, पण पावलाने आणून कामाच्या बाकावर ठेवलेल्या काडतुसांच्या बंद खोक्यातून आलेला. दुपारचे दोन वाजले होते, बाहेर कोचेव्येच्या जंगलावर धुकं बसलं होतं आणि खोक्याला कुणी हातही लावला नव्हता. बत्तीस वर्षं बंदुका दुरुस्त करणारा तो माणूस बाकापासून एक पाऊल मागे सरकला.

"रोज एखादं," पावला म्हणाली. "संध्याकाळी मी त्याच्या फोटोपुढे बसते, दिवसभराचं सांगते. मग आतून टिक्. येर्नेय हुंकार देतो."

येर्नेय तिचा नवरा. फेब्रुवारीत गेला, तेव्हा रिवाजाप्रमाणे कबरीत देवदाराची डहाळी टाकणाऱ्या शिकाऱ्यांत लुडविकही होता. आता त्याची रायफल मुलीकडे, नेश्काकडे आली होती. शिकारी मंडळाची परीक्षा पास झालेली नेश्का गेल्या रविवारी सरावाला गेली आणि बापाने स्वतः भरून ठेवलेली तीन काडतुसं तिने झाडली. तिन्हींच्या पितळी पुंगळ्या चिरल्या. तिसऱ्या वेळी मागे उसळलेल्या गरम धुराने तिचा गाल भाजला.

"तिनं शिकारीला जाऊ नये असं वाटतंय त्याला. दुसरं काय?"

"गप बस जरा. बघू दे मला."

पुंगळी कुठे चिरली यावरून रोग कळतो. बुडाशी गोल भेग असेल, तर नळीतला काडतुसाचा खण सैल. पोट उभं फाटलं, तर भलतंच काडतूस घातलेलं, नाहीतर खणच मोठा. खोक्याबरोबर आणलेल्या रायफलीची नळी लुडविकनेच बसवली होती, त्यामुळे पहिला संशय त्याने स्वतःवर घेतला. मागच्या पडवीत जाऊन त्याने तिच्यातून आपलं एक नवंकोरं काडतूस वाळूच्या पिंपात झाडलं. पुंगळी धड निघाली. दोष नळीचा नव्हता, पण मग खोक्यात होतं तरी कोण?

भिंग लावून त्याने न झाडलेली काडतुसं तपासली. त्यांच्याही तोंडापासून खांद्यापर्यंत बारीक, फाटे फुटलेल्या भेगा होत्या. बंदुकीत न जाताच ती चिरत होती.  मग त्याच्या लक्षात आलं की काडतुसं लखलखत होती. येर्नेय तर एक नंबरचा कळकट. त्याची काडतुसं जन्मात कधी चमकली नव्हती. लुडविकने एक नाकाशी नेलं. डोळ्यांना झोंबलं.

"पावला, ही घासतं कोण?"

"मी. दर शनिवारी. चर्चमधल्या मेणबत्तीदाण्या ज्या बाटलीनं घासते ना, तिनंच. धूळ बसू देऊ का त्याच्या वस्तूंवर?"

पॉलिशमधला अमोनिया. गोळी आवळून ताणलेल्या पितळाला तो आतून कुरतडतो आणि मग पितळ आपोआप तडकतं. लुडविकला गप्प राहावंसं फार वाटलं. नेश्काला नवी काडतुसं द्यावीत, खोकं हिच्या कपाटावर राहू द्यावं, कुणाचं काय बिघडलं? पण पोरगी बापाचीच काडतुसं घेऊन रानात जाईल, हे तो ओळखून होता. त्याने सगळं सांगितलं.

पावला आपल्या हातांकडे बघत राहिली. "म्हणजे मीच फोडली?"

"तू नाही गं. बाटलीनं."

"बाटली कुणाच्या हातात होती?"

 पकडीने एकेक गोळी उपसून लुडविक आतली दारू वाटीत ओतू लागला. वाटी पावलाने धरली होती. 

"रिकाम्या पुंगळ्या मला दे," शेवटची झाल्यावर ती म्हणाली.

"आता वाजायच्या नाहीत त्या. गोळी काढली, ताण गेला."

"कळलं मला."

"अगं, तो तुझा नवरा नव्हता, पितळ होतं."

"चाळीस वर्षांत त्यानं कधी धड हूं म्हटलं नाही, लुडविक," पावला म्हणाली. "आत्ता कुठे बोलायला लागला होता."

लुडविकने पुंगळ्या कागदात गुंडाळल्या, पुडी दोऱ्याने बांधली आणि दोन्ही हातांनी तिच्या हातात दिली.