मोबाइल क्रमांक असलेले

द्रोणागिरीच्या आमच्या शीतगोदामातील कामगारांच्या नोंदी एका डिरेक्टरी सर्व्हरवर असतात. त्यांतून हवी ती माणसे शोधण्यासाठी कंसांमध्ये अटी लिहाव्या लागतात. त्याला फिल्टर म्हणतात, आणि ते लिहिणे माझे काम. माणसांशी मला धड बोलता येत नाही. कंसाचे सोपे असते. उघडला की बंद करायचा, एवढेच तो मागतो.

मार्चमध्ये व्यवस्थापक विश्वजित सरांनी बोलावले. धोक्याची सूचना कामगारांच्या मोबाइलवर जाते; तिची चाचणी घेतली की क्रमांकच नसलेल्या नोंदींमुळे चूक कळवणारी ईमेल-पत्रे त्यांच्याकडे येत. "बंद कर रे ते. टेन्शन येतं सकाळी सकाळी." मी अट वाढवली : चार नंबर शेडमधले, आणि मोबाइल क्रमांक असलेले. पत्रे थांबली. "तोंड उघडत नाहीस, पण काम चोख," सर म्हणाले. त्या शाबासकीच्या उबेत मी तोच फिल्टर हजेरीच्या छापील यादीलाही लावला.

चार नंबर शेडमधले वामनकाका आणि त्यांची बायको सखूमावशी मोरा बंदराच्या कोळीवाड्यातून कामाला येत. दोघांत फोन एकच, तो मावशींकडे. एक क्रमांक दोन नोंदींत आमचा सर्व्हर घेत नाही; काकांच्या नोंदीत क्रमांकाची जागा मीच रिकामी सोडली होती.

पुढे एका मंगळवारी अकराच्या सुमारास चार नंबर शेडमध्ये थंडाव्यासाठीच्या अमोनिया वायूची नळी फुटली. मेसेज वाजले, माणसे फाटकाबाहेर जमली. सरांनी हजेरीची छापील यादी वाचली. एकेचाळीस नावे, एकेचाळीस आवाज. अग्निशमनच्या जवानांना त्यांनी सांगितले, "आत कोणी नाही." जवान शेडमध्ये न शिरता मागची झडप बंद करायला गेले.

सखूमावशी माझ्यापाशी आल्या.

"बाला, यांचं नाव नाय घेतलं तुज्या सायबानं."

"यादी पूर्ण आहे, मावशी."

"पूर्न हाय, तर माजा मानूस कुठं हाय?"

मला माझी अट आठवली. शब्दन् शब्द.

सर वीस पावलांवर होते, फोनवर बोलत. मी जाऊन त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि त्यांचे बोलणे संपण्याची वाट पाहिली. चौकशीत हे मी सांगितलेले नाही. मग म्हणालो, "एक माणूस आत आहे," इतके हळू, की पुन्हा म्हणावे लागले.

काका आतल्या दाराशी सापडले. हात कडीपर्यंत पोहोचला होता. थोडे आधी काढले असते तर, असे डॉक्टर म्हणाले. थोडे म्हणजे किती, हे मी विचारले नाही.

त्या आठवड्यात मी यादीच्या फिल्टरमधून ती अट काढून टाकली. बेचाळीस नोंदी आल्या. काकांची नोंद बंद करण्याचा कागद माझ्या टेबलावर होता. तो तसाच राहिला.

पुढच्या महिन्यात सराव झाला. त्याच फाटकाबाहेर सर यादी वाचत होते. "वामन नामदेव," ते वाचून गेले, आणि थांबले. माझ्याकडे पाहिले.

रांगेच्या टोकाला मावशी उभ्या होत्या. फोन कमरेला, पिशवीत.

"आता घेतलं," त्या म्हणाल्या.