शिंप्याच्या नातीचा रकाना

बालवर्गातल्या मुलांना कचरा कमी करायला शिकवायचं, असं शाळेने ठरवलं आणि त्यासाठी पहिली खरेदी केली ती वजनकाट्याची. दर शुक्रवारी मुलांनी घरातला सुका कचरा आणायचा, बाईंनी तो तोलायचा आणि वहीत नावापुढच्या रकान्यात वजन लिहायचं. महिनाअखेरीस ज्या वर्गाचा कचरा जास्त, त्याचं नाव फलकावर. मोठ्या बाईंची अट एकच: एका जरी मुलाचा रकाना कोरा राहिला, तर वर्ग बाद.

कचरा कमी करायचा आणि बक्षीस जास्त कचऱ्याला, हे कुणालाच खटकलं नाही. पालकांना तर मुळीच नाही. दुसऱ्याच शुक्रवारी डॉक्टरांच्या मुलाने बारा बाटल्या आणल्या.

"एवढं पाणी प्यायलास?" बाईंनी विचारलं.

"नाही, आईने मोरीत ओतलं."

मुलाला तारा मिळाला. एका आईने तर कागदी पेल्यांचं कोरं पाकीट फोडून पेले हाताने चुरगाळून पाठवले. वापरलेले दिसावेत, एवढी लाज तिने राखली होती.

बाई सहा वर्षं हंगामी होत्या. सुट्टी लागली की घरी, शाळा उघडली की नवा अर्ज. यंदा मोठ्या बाई म्हणाल्या होत्या, "तुमचा वर्ग फलकावर येऊ दे, कायमचं पत्र मी स्वतः टाइप करते." वजनात बाईंचा वर्ग सगळ्यांच्या पुढे होता. कोरा होता तो एकच रकाना, शिंप्याच्या नातीचा.

पोर आजोबांबरोबर दुकानाच्या मागच्या खोलीत राहायची. तिच्या घरी चिंध्या उशीत जायच्या, रिकाम्या रिळांवर ती बेरीज शिकली होती, रद्दीवर गिऱ्हाइकांची मापं कापली जायची. बाईंनी चिठ्ठी धाडली: मुलीबरोबर कचरा पाठवावा. त्याच चिठ्ठीच्या पाठीवर उत्तर आलं: "घरात कचरा निघत नाही. निघाला की पाठवतो."

बाईंनी ते उत्तर शिक्षकांच्या खोलीत वाचून दाखवलं. सगळे पोट धरून हसले. बाईही हसल्या, पण जरा कमी.

वजनात भोपळा, म्हणून मुलांनी पोरीचं नाव भोपळी ठेवलं. "भोपळी आली, भोपळी आली!" बाई त्यांना गप्प करायच्या, पण त्यांचं दोनदा ओरडून झाल्यावर.

शेवटच्या गुरुवारी बाईंनी तिला जवळ घेतलं. "तुझ्या घरात जुनं काहीच नाही का गं, राणी?"

"आजोबा आहेत."

"आजोबा नाही गं. वस्तू. जुनी, जड अशी." जड म्हणायची काही गरज नव्हती. रकाना पेन्सिलच्या तुकड्यानेही भरला असता. "नाहीतर तुझ्यामुळे सगळ्या वर्गाचं नाव जाईल."

शुक्रवारी पोर पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरून आली. आत बिडाची इस्त्री होती, शेगडीवर तापवायची. मुठीला सुती पट्ट्या घट्ट गुंडाळलेल्या. बाईंनी तळाला हात लावला. तळ अजून कोमट होता.

"आजोबांना विचारलंस?"

"ते कपडे पोचवायला गेलेत. पण जुनी आहे ना, बाई? आजोबांच्या बाबांची आहे."

सगळा वर्ग काट्याकडे बघत होता. बाईंनी इस्त्री स्वतःच्या हाताने ठेवली. साडेचार किलो. वहीत आकडा लिहिला, खाली रेघ ओढली. टाळ्या वाजल्या. भोपळीला दोन तारे मिळाले. अकरा वाजता भंगारवाल्याचा टेम्पो आला आणि सगळं घेऊन गेला.

साडेबाराला म्हातारा दारात उभा. गळ्यात मापाची टेप तशीच.

"बाई, पोरीने चुकून एक वस्तू आणली."

"चुकून नाही, आजोबा. तिने वर्गाला जिंकून दिलं."

"असं का? छान झालं. आता वस्तू कुठे आहे?"

"टेम्पो गेला. कुठल्या भट्टीत जातं ते काही मला..." बाईंनी वही मिटली. "मी नवी घेऊन देईन. विजेची. हलकी असते."

"हलकीने कोटाची घडी बसत नाही." म्हाताऱ्याने भिंतीवरचे तारे बघितले. "काय शिकवत होता तुम्ही?"

"जुनं फेकायचं नाही. पुन्हा वापरायचं."

"हां. मग चूक आमच्या पोरीचीच. ती पाठ नीट करत नाही."

सोमवारी फलकावर वर्गाचं नाव लागलं, नव्याकोऱ्या प्लास्टिकवर छापून. बुधवारी कायमचं पत्र आलं. पेढीवरल्या कारकुनासारखं काळजीपूर्वक बाईंनी ते दोनदा वाचून फाईलमध्ये लावलं. काटा कपाटात गेला.

पुढच्या शुक्रवारी पोर पुन्हा पिशवी घेऊन आली. आत बाह्यांना इस्त्री करायची लाकडी फळी, कडेने जळका जाड रुमाल आणि पाणी शिंपडायचं पितळी भांडं. वर चिठ्ठी, बाईंनी सोमवारी पाठवलेल्या आभाराच्या चिठ्ठीच्या पाठीवर लिहिलेली: "कचरा निघाला की पाठवतो असं कळवलं होतं. निघाला. पाठवत आहे."

"ठेव तिकडे," बाई म्हणाल्या.

"पण तोला ना, बाई. आजोबा म्हणाले, वहीत लिहून घे."

बाईंनी कपाट उघडून काटा काढला. पोर टाचा उंचावून काट्यात बघू लागली.

"किती भरलं, बाई?"