डाव्या बाजूचे आटे

सायकल दुरुस्तीच्या त्या दुकानात सायकल स्टँडला लावली की नवरा उजव्या बाजूला बसे आणि बायको डाव्या. लग्नापासूनची ही वाटणी होती. डाव्या पेडलचे आणि ते ज्यात बसते त्या क्रँकच्या दांड्याचे आटे उलटे असतात. ते फिरवण्याची सवय तिच्या हाताला जडली होती, त्याच्या हाताला कधी लागलीच नव्हती.

म्हणूनच सकाळी केर काढताना स्टँडच्या डाव्या अंगाला सांडलेला किस पाहून तिचा हात थबकला. ॲल्युमिनियमचा ताजा, चकचकीत किस. आणि नणंदेच्या सायकलसाठी तिने निवडून, तेल लावून ठेवलेले डावे पेडल टेबलावर तसेच पडलेले.

काल दोघांत जोरदार वाजले होते. नणंदेचे तुटलेले पेडल तेवढे बदलायचे बाकी असताना ती तिरमिरीत घरात निघून गेली होती. तेव्हापासून अबोला होता. तो आता तिनेच मोडला.

"वन्संना कुठलं पेडल बसवलंत?"

"खोक्यातलं," चहाचा कप न ठेवता नवरा म्हणाला. "जात नव्हतं. लांब पाना लावून बसवलं."

"अहो, डाव्या क्रँकमध्ये उजवं पेडल दामटलंत तुम्ही! आधीच आटे झिजलेले."

त्याचा चेहरा उतरला. "ताई गेली?"

"आत्ताच. उताराखालच्या वस्तीत बाळंतीण अडलीय."

तो फोन लावू लागला. नणंद सुईण होती. सायकलवर असताना तिचा फोन पिशवीच्या तळाशी असे. "मी जातो," तो उठत म्हणाला.

"तो दुखरा गुडघा घेऊन? व्हा बाजूला."

तिने स्वतःची सायकल बाहेर काढली. चुकीचे पेडल पायाच्या प्रत्येक रेट्याबरोबर सैल होत जाणार, हे तिला पाठ होते. सपाटीवर निसटले तर गुडघे फुटतील. उतारावर निसटले तर... पुढचा विचार तिने मनाला करू दिला नाही.

उताराच्या तोंडाशी नणंदेची पाठ दिसली. वेग घ्यायला ती पेडलवर उभी राहत होती.

"वन्सं!"

नणंदेने मागे न बघताच हात हलवला.

"वन्सं, डावा पाय उचला!"

आयुष्यभर बायकांवर असेच हुकूम सोडणाऱ्या त्या बाईने हा हुकूम मात्र निमूट ऐकला. पाय उचलला, ब्रेक दाबले, आणि सायकल कठड्याला घासत थांबली. वहिनीने पेडलला हात लावला तर ते अलगद हातात आले. त्याच्याभोवती क्रँकचे आटे तारेसारखे गुंडाळलेले.

नणंदेने ते पाहिले. तिचे ओठ पांढरे पडले होते, पण जीभ शाबूत होती. "भांडायचं तुम्ही आणि दात पडायचे माझे?"

"चूक आमची आहे, वन्सं. आम्हा दोघांची."

"ते नंतर बघू. तुझी सायकल दे."

वहिनीने हँडल सोडले नाही. ती खाली बसली आणि आपले डावे पेडल हलवून पाहिले.

"अगं, तिकडे बाई कळा देतेय!"

"थोडं थांबा."

मग ती दुसऱ्या अंगाला गेली. नवऱ्याच्या अंगाला. ती बाजू तिने आजवर कधी तपासली नव्हती. पेडल मुठीत धरून तिने सगळा जोर लावला. ते केसभरही हलले नाही.

"जा," ती म्हणाली.