उरुसातली मोजणी

मित्रांनो, मी परभणीतला एक जुना बसथांबा आहे. बस कशी दिसते हे मला आता आठवत नाही. तुम्ही माणसं कशी असता हे मात्र पाठ झालंय, आणि त्यात सांगण्यासारखं फारसं काही नाही.

माझा जन्म उरुसामुळे झाला. शहरात बस कुठून न्यायची हे ठरवायला मोजणीवाले आले, ते नेमके उरुसाच्या आठवड्यात. पाळण्यात बसायला लोटलेली गर्दी त्यांनी रोजचे प्रवासी म्हणून मोजली. मला हार घातला, एका पाहुण्याने माझ्या बाकावर बसून फोटो काढला. तेवढंच माझं कौतुक. उरुस उठला, गर्दी आपापल्या गावी गेली. बस काही दिवस रिकामी फिरली, मग फिरायचीही थांबली. तुम्ही माझ्या अंगावर क्लासच्या जाहिराती डकवल्यात आणि बाकाखाली गुटखा थुंकलात. आभारी आहे.

नेमाने येते ती एकटी सरजाबाई. तिला डायलिसिसला वेळेवर पोचावं लागतं, आणि माझ्यासमोर लागणारा पप्पूचा ऑटो भरल्याशिवाय हलत नाही.

मध्यंतरी बसच्या नव्या आराखड्यासाठी प्रवासी मोजायला पियुष साहेब टॅबलेट घेऊन आले. सरजाबाई ऑटोत ताटकळली होती.

"पप्पू, निघ की रे! मशीन दुसऱ्याला देतेत."

"मावशी, एक सवारी येऊ द्या, लगीच निघायलो."

ती साहेबांकडे वळली. "तुमीच बसा की साहेब. गाडी तरी हलंल."

"मला जागा सोडता येत नाही. बसमध्ये चढणारे मोजायचेत."

"बस हाय कुठं?"

"म्हणूनच शून्य येतंय," साहेब म्हणाले.

त्या दिवशी तिची डायलिसिसची पाळी हुकली. पाय सुजून खांबासारखे झाले.

अहवालात मी निरुपयोगी ठरलो. आज सकाळी मजूर कटर घेऊन आले, मागोमाग साहेब. बाकावर सरजाबाई.

"आजी, उठा."

"आधी बस आणा. मंग उठते, त्याच बसनं जाते."

तेव्हापासून कटर गप्प आहे. साहेब फोनवर फोन लावतायत. मजूर माझ्या खांबाला टेकलेत. पप्पूही ऑटो सोडून येऊन उभा राहिलाय.

मित्रांनो, मला पुसा, रंगवा, असलं काही मी मागत नाही. तुमच्याकडून ते होणारही नाही. पण उरुस नसताना, माझ्यापाशी एवढी माणसं बससाठी पहिल्यांदाच खोळंबलीयत.

कुणीतरी मोजा.