परत न करायच्या वस्तू

नंदीश आमच्या दुसऱ्या पायरीवर थांबला. पायऱ्या तीनच आहेत. एकोणीस वर्षांचा मुलगा, पण तिथं त्याला थांबावं लागतं. भिंतीला हात लावून तो आधी श्वास घेतो, मग बोलतो.

"अक्का, मामांचा डबा न्यायला आलोय. सरांनी मागितलाय."

मामा म्हणजे माझे वडील, चन्नबसप्पा. शाळेतली पोरं त्यांना मामा म्हणत, मी अप्पा. मुरुमच्या हायस्कुलात एकतीस वर्षं शिपाई. मातीला अकरा दिवस झाले होते, आणि शाळेनं त्यांच्या जागी तात्पुरता म्हणून घेतला होता तो हा नंदीश.

"बस. पाणी आणते."

"मधली सुट्टी संपायच्या आत जायचंय. घंटा माझ्याकडंच हाय आता." हे म्हणताना तो थोडा हसला.

डबा बिस्किटांचा, पत्र्याचा. मैदानात, नळाजवळ, बाकाखाली जे सापडेल ते अप्पा त्यात ठेवत. रिबिनी, कंपासपेट्या, एका कानातलं. वस्तू पाहून ती कुणाची हे त्यांना कळे. पेन्सिलीवरच्या दातांच्या खुणांवरूनसुद्धा. मग त्या वर्गाच्या दाराशी उभं राहून ते वस्तू नुसती वर धरत. शिपायानं वर्गात बोलायचं नसतं, असं ते मानत. आयुष्यभर कुणाची वस्तू त्यांनी ठेवून घेतली नाही.

चार वर्षांपूर्वी गणपतीनंतर त्यांचा फोन आला. मी सोलापूरला एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. टेबलावर नव्या पुस्तकांचा गठ्ठा होता.

"उमा, एक चीज घावलीया मुतारीपाशी. पेनावानी हाय, पर लिहीत न्हाय. बुडाला चार्जिंगचं भोक हाय. आंब्याचा वास येतोय."

"पेनड्राइव्ह असेल, अप्पा. कॉम्प्युटरचा."

"त्याला वास कशाला येईल गं?"

"हल्ली खोडरबरालाही वास असतो. ज्याचं आहे त्याला देऊन टाका. महाग असतं ते."

एवढंच बोलणं. मिनिटभराचंही नाही. मी पुन्हा पुस्तकांवर शिक्के मारायला लागले.

अप्पांनी ती वस्तू दहावीच्या दाराशी वर धरली. नंदीश उठला. त्याच्या हातात देण्याआधी अप्पांनी ती सदऱ्याच्या टोकानं पुसली.

जानेवारीत मैदानावर पळताना तो कोसळला. पोलीस भरतीसाठी तो रोज सकाळी सराव करत असे. सोलापूरच्या दवाखान्यात एकोणीस दिवस होता. अप्पा त्याला भेटायला आले, तेव्हा मी सोबत गेले होते. डॉक्टरांनी त्याच्या दप्तरातून निघालेली वस्तू टेबलावर ठेवली आणि विचारलं, हे काय आहे माहीत आहे का. मग त्यांनीच सांगितलं, धूर ओढायचं यंत्र, ई-सिगारेट. आत नुसता आंब्याचा वास नव्हता, नशेचं तेल होतं; त्यानंच त्याची फुप्फुसं निकामी केली होती.

अप्पांनी ती ओळखली. मीही ओळखली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही कधी नाही. म्हणजे पाहत होते, जेवायला वाढत होते, पण त्या गोष्टीसाठी म्हणून कधी पाहिलं नाही.

त्या उन्हाळ्यानंतर शाळा उघडली, तेव्हा त्यांनी मुख्याध्यापकांकडे प्रत्येक वर्गात पाच मिनिटं मागितली. मी ते एकदाच ऐकलं, व्हरांड्यात उभी राहून. ते फळ्यापाशी गेले नाहीत. दारातच उभे राहिले, डबा पोटाशी धरून.

"म्या शिपाई. मला भाषण येत न्हाय. ह्ये असलं एक मला घावलं, अन् म्या ते पुसून परत दिलं. ओळखलं न्हाय म्या. चूक माझी."

मागून आवाज आला, "मामा, वढून बघितलं का तुम्ही?" वर्ग हसला.

"न्हाय. पर ज्यानं वढलं त्याचा श्वास ऐकलाय. सायकलीच्या पंपाचा वायसर गेल्यावर कसा आवाज येतो? तसा. दांडा खालवर हुतोय, हवा भरत न्हाय."

हसू थांबलं.

"पहिल्यांदा कुनी इकत देत न्हाय. दोस्तच देतो, फुकट. अन् दोस्ताला नगं म्हनायची लई लाज वाटते. मला ठावं हाय. पाव्हण्यानं तंबाखू म्होरं केली तर मला बी नगं म्हनाया जमलं न्हाय कधी. तवा तोंडानं म्हनू नका. उठा अन् निघून या. माझं स्टूल हाय भाईर, तिथं बसा. कुनी इचारलं तर सांगा, मामानं बसवलंय. अन् कुनापाशी असलं काय असंल तर ह्या डब्यात टाका. नाव इचारनार न्हाय. परत बी देनार न्हाय."

आता नंदीशसमोर मी तोच डबा ठेवला. त्यानं झाकण उघडलं. चार-पाच तसल्याच पेनासारख्या वस्तू, गुटख्याच्या पुड्या, खोकल्याच्या औषधाची अर्धी बाटली, पंक्चरच्या सोल्युशनची पिळलेली ट्यूब. एका कोपऱ्यात लाल रिबीन, तिची मालकीण न सापडलेली.

"नंदीश, तुझी वस्तू परत द्यायला मी सांगितलं होतं. अप्पांनी मला फोन केला होता. त्यांना शंका आली होती. मला नाही आली."

तो बराच वेळ झाकणाशी चाळा करत राहिला.

"मामा कधी बोलले न्हाईत."

"माहीत आहे."

"अक्का, त्यांनी देताना मला विचारलं होतं, ह्ये काय हाय म्हणून. कॉम्प्युटरचं हाय, असं मी तोंडावर खोटं बोललो. ते पण त्यांनी कुणाला सांगितलं न्हाय. प्रत्येक वर्गात आपलं म्हणायचे, ओळखलं न्हाय म्या." तो थांबला. श्वासासाठी की कशासाठी, कळलं नाही. "मी पाठीमागच्या बाकावर असायचो, दुसऱ्यांदा दहावीत."

 मी चपला घातल्या.

"मी येते शाळेपर्यंत."

डबा त्यानं उचलला. जड नव्हता, तरी कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीशी तो थांबला, तेव्हा मी घेतला. त्यानं दिला.

मैदानावर पोरं ओरडत होती. कुंपणाकडच्या झाडाखाली चार-पाच जणांचा घोळका पाठ करून उभा होता. व्हरांड्यात अप्पांच्या स्टुलावर दोन वेण्यांची एक मुलगी बसली होती. नववीतली असेल. दोन्ही हात मांडीखाली दाबलेले, नजर फरशीवर.

"कुणी बसवलंय गं?" नंदीशनं विचारलं.

 तिनं एकदा झाडाकडे पाहिलं.

"मामांनी."

नंदीशनं पुढं काही विचारलं नाही. मी डबा स्टुलाजवळ खाली ठेवला. तो घंटेकडे गेला, आणि मी मैदानाकडे तोंड करून उभी राहिले. मागं पत्र्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. मग बंद झाल्याचा. मी वळून पाहिलं नाही.