पॅनलला दिलेली खळ

उमरेडच्या कोष्टीपुऱ्यातल्या बचत गटाने गेल्या वर्षी चार घरांना सौर संचासाठी कर्ज दिलं, तेव्हा एकच अट घातली : घरात दगडी कोळसा पेटवायचा नाही. खाणीच्या कडेने वेचून आणलेला कोळसा तिथे वर्षानुवर्षं जळत होता आणि मोहल्ल्यातला खोकला थांबत नव्हता. अट मोडली तर संच उतरवून यादीतल्या पुढच्या नावाला द्यायचा. पुढचं नाव गोपिकाचं होतं.

फेब्रुवारीत गटाच्या अध्यक्ष शामलाबाईंचा मला फोन आला. मी नागपूरच्या ज्या संस्थेत काम करते ती या गटाला भांडवल देते, आणि संच तपासायचं काम माझ्याकडे आहे.

"कुसुमावतीचा संच काळा पडला, मॅडम. कोळसा जाळून राहिली ती. तुमी या अन् लिहून द्या, आमी उतरवून टाकतो."

दुसऱ्या दिवशी मी गेले. बाकी तीन छपरांवरच्या पॅनलवरही खाणीची धूळ होती, पण बोट फिरवलं की खाली स्वच्छ काच दिसत होती. कुसुमावतीच्या पॅनलवर मात्र बोट अडकलं. एक किलोवॅटचा संच भर दुपारी जेमतेम चारशे वॅट देत होता.

कुसुमावतीने खाली शिडी धरली होती. "संच गेला तर कांड्या हातानं भराव्या लागन, मॅडम," ती हळूच म्हणाली. कांड्या म्हणजे आडव्या धाग्याची रिळं. संचावर चालणारं छोटं यंत्र त्या भरत होतं, म्हणून तिचा दिवस मागावर जात होता. यंत्र थांबलं की विणकाम निम्म्यावर येणार, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

काजळीचा थर तेलकट लागतो. हा पापुद्र्यासारखा कडक होता. मी तो ओल्या फडक्याने खरवडून घेतला, खाली येऊन पेलाभर कोमट पाण्यात कालवला आणि चौघडी कापडातून दोनदा गाळला. प्रथमोपचाराच्या डब्यातल्या आयोडीनचे दोन थेंब त्यात टाकले. पाणी गडद निळं झालं.

"स्टार्च आहे," मी म्हटलं.

शामलाबाईंनी ते लगेच आपल्या शब्दात आणलं. "खळ! अगा बाई, काचेले खळ कोणं देल्ली?"

मागावर बसलेले कुसुमावतीचे सासरे बापूजी आतूनच बोलले. "म्या देल्ली."

"काहून, बापूजी?"

"काहून म्हणजे? मागाच्या उभ्या ताण्याले देतो तशीच. पातळ करून, कुंच्यानं, एका दिशेनं. पयल्या दिवशी कशी चमकून राह्यली होती, विचारा हिले!"

अंगणात जमलेल्या गटाच्या बाया हसायला लागल्या. "आता त्याची साडी इना," कोणीतरी म्हणालं. मीही हसले. ओल्या खळीवर खाणीची धूळ बसत गेली होती आणि बापूजींनी महिनाभर दर चार दिवसांनी खळ दिली होती. मला वाटलं, काम झालं.

शामलाबाई हसल्या नाहीत. "ठीक आहे. पण कुसुमा, खळ शिजवली कशावर वं?"

संचावर चालणारी सहाशे वॅटची विजेची एक शेगडी घरात होती. राख कुठे दिसत नव्हती. कुसुमावती खोटं बोलली असती तर माझ्याकडे त्यासाठी काही चाचणी नव्हती.

"पयले शेगडीवर," ती म्हणाली. "मंग शेगडी तापेचना. आठ दिवस झाले, कोयश्याची सिगडी पेटवून राह्यलो आमी." ती मागे गेली आणि अर्धं पोतं कोळसा ओढत आणून शामलाबाईंपुढे ठेवला.

"मंग अट मोडली," शामलाबाई म्हणाल्या. "गोपिका, बोल. संच तुयाच घरी येते."

गोपिका भिंतीला टेकून उभी होती. ती वर्षभर थांबली होती. "येते तं येते," ती म्हणाली. "पण माया सासराही कोष्टीच होय, त्यानंबी खळच देल्ली असती. अन् काच कशी पुसाची हे मलेबी कोणं सांगतलं नाही." ती माझ्याकडे पाहून बोलली, आणि ते खरं होतं. प्रशिक्षणात मी बॅटरीवर अर्धा तास बोलले होते. पुसण्याबद्दल एक वाक्य. गोपिका पुढे म्हणाली, "आधी धुवा. शेगडी तापली तं राहू द्या हिच्याजवळ. नाही तापली, तं आजच उतरवा."

कोणी हरकत घेतली नाही.

तापलेल्या काचेवर एकदम पाणी घालायचं नसतं. आम्ही पॅनलवर जुनी चादर टाकून तासभर थांबलो, मग कोमट पाणी आणि मऊ फडकं घेतलं. बापूजी खालून सूचना देत होते. त्यांना शिडीजवळ येऊ दिलं नाही. तीन वाजता वॅटमीटरवर सहाशे ऐंशी आकडा आला. ऊन उतरत होतं, वेळ फार नव्हता.

कुसुमावतीने शेगडी लावली. गोपिकाने शेगडीवर तळहात धरला. बऱ्याच वेळाने तिने हात चटकन मागे घेतला.

"तापली," ती म्हणाली, आणि पदर सावरून निघाली. दारातून वळून म्हणाली, "पंधरा दिवसानं येतो वं मी पाह्याले. सांगून नाही येणार."