वगळलेला त्रिकोण

बेळगावच्या वडगाव भागातील एका अंध विद्यालयाचा दहावीचा निकाल सलग सहाव्या वर्षी शंभर टक्के लागला होता. तंत्रनिकेतनात तीस वर्षे ड्रॉइंग शिकवून निवृत्त झालेले शिवराज सर विद्यालयाचे मानद सल्लागार होते. या निकालाबद्दल होणाऱ्या आपल्या सत्कारासाठीच्या लाकडी फलकावरील अक्षरांचे अंतर ते पट्टीने तपासत होते. इतक्यात पहिली आलेली भाग्यलक्ष्मी वडिलांचा हात धरून आत आली. वडील अंबाजी यंत्रमागावर साड्या विणत.

"या, या! पीयूसीला, म्हणजे अकरावीला, गणित मिळालं ना?" सरांनी विचारले.

"न्हाय सर," भाग्यलक्ष्मी म्हणाली. "काटकोन त्रिकोणात सगळ्यात लांब बाजू कुठली, म्हणून कॉलेजातल्या मॅडमनी विचारलं. मला सांगता आलं न्हाय. सोमवारी परत बोलावलंय. तवाबी जमलं न्हाय तर गणित सोड म्हणाल्या."

"अगं, आकृतीच्या प्रश्नांना तुम्हाला सूट असते. म्हणून तर मी भूमिती वगळायला सांगितली. वेळ वाचतो, गुण वाढतात."

अंबाजी चुळबुळले. "सर, रागावू नका. मागावर काठाचा धागा तुटला, तर माझ्याआधी हिच्या बोटास्नी कळतंय. मग त्रिकोण कळला नसता व्हय? परीक्षेत सूट होती, मान्य. पण शिकवायला कुणी मनाई केलती?"

सर उठले. त्यांनी फलक पालथा केला, मागे तीन खिळे ठोकले आणि अंबाजींच्या खिशातील सूत त्यांभोवती ताणले. भाग्यलक्ष्मीची बोटे सुतावरून फिरली.

"ह्यो कोपरा दाराच्या चौकटीगत हाय. आन् त्याच्यासमोरची बाजू लांब. सर, एवढंच व्हतं?"

एवढेच! सहा वर्षे किती मुलांना आपण एवढेही दिले नाही! सरांची मान खाली गेली. तिला आपला चेहरा दिसत नाही, याचा क्षणभर दिलासा वाटला आणि त्या दिलाशाचीच त्यांना अधिक लाज वाटली.

"भाग्या, चूक माझी आहे. सोमवारपर्यंत रोज सकाळी येशील?"

"येते की. पण नववीच्या पोरींनाबी बसवा सर. त्यांनाबी सूट हाय!"

सोमवारी तिला गणिताला प्रवेश मिळाला. सरांनी मात्र सत्कार स्वीकारला नाही. तो फलक आजही नववीच्या वर्गात पालथाच टांगलेला आहे.

वाचकहो, सवलत विद्यार्थ्याची अडचण दूर करण्यासाठी असते. आपले कष्ट वाचवण्यासाठी आपण ती वापरली, तर शंभर टक्के निकालही आपलेच अपयश ठरतो. यापुढे असा निकाल वाचताना टाळ्या जरूर वाजवा. पण आधी विचारा, मुलांना काय शिकवायचे राहिले?